फोटो चेनच्या बाजूने

चष्मेवाल्याने सायकल घेतली ती डॉक्टरांच्या धाकाने. "पोट कमी करा, नाहीतर पुढच्या खेपेला बायकोला बरोबर घेऊन या," असं डॉक्टर म्हणाले होते. धमकी नेमकी कशाची होती हे त्यांनी सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. सायकल करड्या रंगाची होती, पुढे जाळीची टोपली. दुकानदार टोपली काढून द्यायला तयार होता, पण बायको म्हणाली, "राहू दे. सायकल नाही चालवली तरी भाजी तरी येईल."

सायकल घेतली की माणसाला ती चालवावीशी वाटते, हा एक गैरसमज आहे. सायकल घेतली की माणसाला ग्रुपमध्ये जावंसं वाटतं. शहरात असा एक ग्रुप होता, 'दोन चाकं' नावाचा. तो बहुतेक वेळ फोनमध्येच राहत असे. रविवारी सकाळी तेवढा रस्त्यावर यायचा. त्यात कुणालाच नाव नव्हतं. ग्रुपचा कर्ताधर्ता कॅप्टन. हा एरवी विम्याच्या कचेरीत बसे. त्याचा दंडकच होता की नावाऐवजी धंदा लिहायचा. नावं विसरली जातात, धंदे लक्षात राहतात, आणि वाटेत दाढ ठणकायला लागली तर कुणाला हाक मारायची ते कळतं. त्यामुळे दातवाले, बँकवाले, बेकरीवाले, ग्रंथपालबाई, आणि आता चष्मेवाले.

आत पाऊल टाकल्याबरोबर कॅप्टनने त्याला 'नवीन सभासदांसाठी शिष्टाचार' पाठवले. मजकूर विम्याच्या माणसानेच लिहिलेला असल्याने वरचं ठळक होतं आणि खाली जावं तसं बारीक होत गेलं होतं. सकाळी सकाळी फुलांची चित्रं टाकू नयेत. 'कोणती सायकल घेऊ' असं विचारू नये. घेऊन झाली असेल तर 'बरोबर घेतली ना' असंही विचारू नये, कारण उत्तर नेहमी नाही असंच असतं. बायकांना एकटं गाठून 'हाय' लिहू नये. कुणाचं पंक्चर झालं तर सगळ्यांनी थांबावं, सल्ला मात्र एकानेच द्यावा. कुणाच्याही पोटाबद्दल बोलू नये. आणि सायकलचा फोटो नेहमी चेनच्या बाजूने काढावा. दुसऱ्या बाजूने काढलेला सायकलचा फोटो म्हणजे पाठमोऱ्या नवरदेवाचा फोटो.

चष्मेवाला इथपर्यंत वाचून थांबला, कारण त्याला फोटोच टाकायचा होता. रोज गिऱ्हाइकांना तक्त्यावरची शेवटची, बारीक ओळ वाचायला लावणाऱ्या या माणसाने शिष्टाचाराच्या शेवटच्या ओळी वाचल्या नाहीत.

ग्रुपचा खरा जीव एका चढात होता. शहराबाहेर टेकडी होती, टेकडीवर पाण्याची टाकी, आणि तिथवर जाणारा वळणावळणाचा रस्ता. प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये एक अ‍ॅप होतं. सायकल निघाली की ते मोजायला लागे आणि थांबवलं की सगळा हिशेब आपोआप ग्रुपवर टाकून देई. टाकीचा चढ सगळ्यांत कमी वेळात चढणाऱ्याच्या नावापुढे छोटा सोनेरी मुकुट येई. यादीत बाई-पुरुष असा भेद नव्हता, कारण दोन याद्या सांभाळायचा कॅप्टनला कंटाळा होता. त्यामुळे झालं होतं असं, की दातवाले, बेकरीवाले अशा तगड्या मंडळींच्या डोक्यावर एक पन्नाशी ओलांडलेली, काटकुळी, दिवसभर ग्रंथालयात 'हळू बोला' म्हणणारी बाई मुकुट घालून बसली होती. ग्रंथालयात कुणी तिच्याकडे मान वर करून बघत नसे. ग्रुपवर मात्र बेकरीवालेसुद्धा तिला 'बाई, तुमच्या पायांची माती द्या' असं लिहीत.

एका रविवारी चष्मेवाला एकटाच निघाला आणि टेकडीच्या पायथ्याशी त्याची चेन पडली.

पडलेली चेन बसवणं हे शाळकरी पोरांचं काम आहे. पण चष्मेवाल्याचे हात आयुष्यभर काचेवर बोटाचा ठसा उमटू नये म्हणून जपलेले. त्याने चेनकडे पाहिलं, चेनने त्याच्याकडे. तेवढ्यात मागून टेम्पोचा हॉर्न वाजला. मेहुणा होता. त्याचा घरसामान पोचवायचा धंदा.

"काय भाऊजी, सायकलला फिरायला आणलंत?"

"चेन पडली रे."

"मला वर टाकीजवळच्या बंगल्यात मशीन द्यायचंय. बसा. येताना उतारावर चेन लागत नाही, देवाने उतार त्याच्यासाठीच केलाय."

सायकल मागे वॉशिंग मशीनला टेकून उभी राहिली. मशीन नीट बांधलं नव्हतं, म्हणून मेहुणा जपून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये टेम्पो चढवत होता. गप्पा मेहुण्याच्या बायकोच्या माहेरच्या झाल्या. खिशातलं अ‍ॅप कुणाच्याच ध्यानात नव्हतं. वर पोचल्यावर मशीन उतरवायला एक हात चष्मेवाल्याने लावला आणि मग मोबदला म्हणून टाकीच्या भिंतीला सायकल टेकवून तिचा फोटो काढला. शिष्टाचाराप्रमाणे, चेनच्या बाजूने. फोटो ग्रुपवर टाकून तो उतार उतरत उतरत थेट घरात आला आणि सवयीने अ‍ॅप थांबवलं.

आंघोळ करून येतो तो फोन टेबलावर थरथरत होता. 'टाकीचा नवा राजा!' 'चष्मेवाले, छुपे रुस्तम!' 'टोपलीसकट!!' त्याच्या नावापुढे मुकुट होता. आधी त्याला प्रामाणिकपणे वाटलं की पोट दिसतं तेवढं वाईट नसावं. मग टेम्पो आठवला. चूक सांगायला त्याने बोट उचललं, आणि नेमका त्याच वेळी कॅप्टनचा निरोप आला, 'जबरदस्त.' एकच शब्द. कॉलेज सोडल्यापासून त्याला 'जबरदस्त' कुणी म्हटलं नव्हतं. कॉलेजातही ते वर्गातल्या दुसऱ्या मुलाला उद्देशून होतं.

'संध्याकाळी सांगू,' असं त्याने ठरवलं. संध्याकाळपर्यंत बायकोने शेजारी सांगून टाकलं होतं.

"एवढे अंगठे!" ती फोन धरून म्हणाली. "लग्नाच्या वाढदिवसालाही आले नव्हते."

"लग्नात चढ नव्हता," तो म्हणाला, आणि सगळे हसले, आणि सांगायचं राहिलं.

अशा गोष्टीचं दह्यासारखं असतं. लगेच ढवळलं तर दूधच राहतं; थोडा वेळ गेला की विरजण लागतं. आता ती नोंद काढायची म्हणजे आधी का नाही काढली हेही सांगावं लागणार. तो रोज ठरवी, आज. रोज कुणीतरी नवा अंगठा देई. चोराच्या मनात चांदणं, तसा त्याला प्रत्येक अंगठा आपल्याकडे रोखलेला दिसे, आणि तरी मोजल्याशिवाय राहवत नसे. मेहुणा तेवढा खूश होता. "भाऊजी, अर्धा मुकुट माझा बरं का. डिझेल माझं होतं." पुढे भेटेल तिथे तो याला 'राजे' म्हणू लागला आणि याचे कान तापू लागले.

आणि मग एक दिवस ग्रंथपालबाई दुकानात आल्या.

"तुम्हीच ना ते?" त्या म्हणाल्या.

"कोण?" चष्मेवाला म्हणाला, जणू त्या गल्लीत चष्मेवाल्यांचा बाजार भरला होता.

"चढवाले. अभिनंदन करायचं राहिलंच. आणि डोळे तपासायचेत. हँडलवरचं मीटर दिसत नाही मला हल्ली, फोनवरचंही सगळं पुसटच. अक्षरं मोठी करून वाचते, चित्रांचं काय करणार? वेग दिसला तर कुठे कमी पडते ते कळेल. म्हणजे तुम्हाला गाठता येईल." हे त्या अगदी मोकळेपणाने म्हणाल्या, पत्त्यांत डाव मांडून बसावं तसं.

तपासणीची खोली अंधारी असते ही देवाची कृपा. त्याने बाईंच्या नाकावर जड चौकट बसवली, काच सरकवली, तक्ता उजळला.

"वाचा."

"प, ट, म... गिअर कोणता होता?"

"अं?"

"खालच्या वळणावर. मी तिथे एकदम हलका टाकते. तिथेच मागे पडते बहुतेक."

"खालची ओळ."

"ल, क, ध. तुम्ही जड ठेवता का?"

"जडच होतं," चष्मेवाला म्हणाला. वॉशिंग मशीनच्या हिशेबाने हे खोटं नव्हतं.

"वाटलंच मला. आणि श्वास? मध्ये थांबावंसं वाटत नाही?"

"नाही. बोलता बोलता चढलो."

"बोलता बोलता!" अंधारात बाईंनी एक सुस्कारा सोडला. त्यात हेवा नव्हता, असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने काच बदलली. "आता हे बरं, की आधीचं?"

"आधीचं," बाई म्हणाल्या, आणि काचेबद्दलच म्हणाल्या, पण तो घामाघूम झाला.

बाईंना दूरचं आणि जवळचं दोन्ही एकाच काचेत हवं होतं. अशा काचेचं माप घेताना गिऱ्हाइकाने चष्मेवाल्याच्या डोळ्यांत सरळ बघायचं असतं आणि चष्मेवाल्यानेही तसंच. बाईंनी बघितलं. याची नजर खाली गेली. "हललात का तुम्ही?" बाईंनी विचारलं. "मी तर हलले नाही." माप पुन्हा घ्यावं लागलं.

या दोन-नजरी चष्म्याबरोबर त्याचं एक ठरलेलं भाषण असे. घरात त्याला 'पायऱ्यांचं भाषण' म्हणत आणि बायको ते भाजी निवडता निवडता म्हणून दाखवी: पायऱ्या उतरताना नुसते डोळे खाली करू नका, मान खाली करा, खालच्या काचेतून जमीन उचलल्यासारखी दिसते, असते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे, सवय होईपर्यंत गाडी नको, सायकल नको, एकदा सवय झाली की चष्मा आहे हे विसराल. हे भाषण ऐकल्याशिवाय त्या दुकानातून कुणी चष्मा नेला नव्हता. स्वतःच्या सासूलाही त्याने ते उभं राहून ऐकवलं होतं, आणि सासू त्याचं एरवी काहीच ऐकत नसे.

बाई चष्मा न्यायला आल्या. त्याने तो त्यांच्या कानांमागे बसवला, दांड्या तपासल्या, आरसा पुढे धरला. बाईंनी आरशात पाहिलंच नाही. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"वा," त्या म्हणाल्या. "आता कसे स्वच्छ दिसताय."

त्यानंतर त्यांनी दुकानातून लवकर जावं एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने डबी दिली, पुसायचं फडकं दिलं, दार उघडून धरलं. दार तो कुणाला उघडून धरत नसे. बाईंना त्यात आदर दिसला. भाषण त्याच्या तोंडातच राहिलं. राहिलंय हेसुद्धा त्याला कळलं नाही.

त्या आठवड्यात बाई रोज सकाळी टाकीच्या चढावर होत्या. रोज त्यांचा वेळ ग्रुपवर येई, रोज थोडा कमी. खाली मंडळींचे अंगठे. 'जमतंय बाई.' 'अजून थोडंच.' 'राजाची झोप उडवा!' राजाची झोप उडालेलीच होती.

आणि मग कॅप्टनचा निरोप आला: 'ग्रंथपालबाई टाकीच्या उतारावर पडल्या. शुद्धीवर आहेत, गळ्याजवळचं हाड मोडलं आहे.' हे हाड सायकलवाल्यांचं मानाचं हाड. ते मोडल्याशिवाय माणूस पक्का होत नाही असं तिथे मानतात. त्यामुळे अभिनंदनाचा सूर लागला. 'आता खऱ्या सभासद झालात!' दातवाल्यांनी आपल्या जुन्या एक्स-रेचा फोटो टाकला.

चष्मेवाला काचेची कड घासत होता. निरोप वाचला आणि यंत्र तसंच फिरत राहिलं. उतारावर. म्हणजे चढून झाल्यावर. खाली बघताना. त्याला पायऱ्यांचं भाषण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आठवलं, आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं तेही.

"काच गेली हो," बायको म्हणाली. ती डबा घेऊन आली होती. हातातल्या काचेचा पार चुरा झाला होता.

तो सफरचंदं घेऊन बाईंच्या घरी गेला. दुसऱ्या मजल्यावर, अरुंद जिन्याने. दार बाईंच्या नवऱ्याने उघडलं. उंच, वाकलेला माणूस, हातात झारा.

"तुम्हीच का ते चढवाले? या. तुमचं नाव या घरात सकाळ-संध्याकाळ निघतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं एवढं निघालं नाही." आणि तो झारा घेऊन आत गेला.

बाई खुर्चीत बसल्या होत्या, हात झोळीत, नाकावर नवा चष्मा. खुर्चीमागे भिंतीला सायकल टेकलेली. मडगार्ड वाकलं होतं, बाकी धडधाकट.

"अहो, कशाला आलात? दुकान सोडून!" त्यांना खरंच आनंद झाला होता. "तुमच्या अगदी जवळ आले होते मी. त्या दिवशी तर वाटलं, आज मुकुट."

येताना त्याने वाक्यं जुळवली होती. खेद, अनवधान, तांत्रिक कारण असे शब्द होते त्यांत. तोंडातून निघालं ते एवढंच:

"बाई, मी टेम्पोत होतो."

आत झाऱ्याचा आवाज थांबला.

"कुठल्या टेम्पोत?"

"मेहुण्याच्या. चेन पडली होती. अ‍ॅप चालूच राहिलं."

"सगळा चढ?"

"सगळा."

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय हे त्याला आजवर पुस्तकी माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, "टेम्पो रिकामा होता, की भरलेला?"

"भरलेला. वॉशिंग मशीन होतं. मेहुणा होता. मी होतो."

बाईंची नजर त्याच्या पोटावर गेली आणि शिष्टाचार आठवून परत आली. "म्हणजे चांगलाच भरलेला," त्या म्हणाल्या. आणि एकदम आतल्या दिशेने ओरडल्या, "अहो, ऐकलंत का! मी इतके दिवस टेम्पोशी शर्यत लावत होते! आणि चिमूटभरच मागे होते!"

"टेम्पोवाल्याने आता टेम्पो विकावा," आतून आवाज आला.

त्या हसल्या, हाड दुखलं, कळवळल्या, पुन्हा हसल्या. चष्मेवाल्यालाही हसू आलं. इतके दिवस छातीवर धरलेला दगड एवढा हलका निघावा याचं त्याला नवल वाटलं. त्याने तिथेच फोन काढला, ती नोंद उघडली आणि काढून टाकली. दुसऱ्याच क्षणी बाईंचा फोन वाजला: मुकुट त्यांच्याकडे परत आला होता. पाठोपाठ याचा वाजला. कॅप्टन. तो याला एकट्याला लिहीत होता.

"काय म्हणतायत?" बाईंनी चांगला हात पुढे केला. "द्या. तुमची बाजू मी मांडते."

फोन मागे घ्यायला हवा होता हे त्याला द्यायच्या आधी कळायला पाहिजे होतं. बाईंनी हनुवटी वर करून, चष्म्याच्या खालच्या भागातून मोठ्याने वाचलं:

"'शाब्बास चष्मेवाले. उशीर लावलात, पण काढलंत. आम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. फोटोत चेन लोंबत होती. पण नवख्याला चारचौघांत टोकायचं नाही, त्याने आपणहून काढायचं, हा आपला शिष्टाचार. शेवटच्या ओळीत आहे.'"

त्यांनी त्याचा फोन मांडीवर ठेवला आणि स्वतःचा घेतला. बोटाने मागे मागे गेल्या. टाकीची भिंत. करडी सायकल. चेनची बाजू.

"दिसतेय की," त्या म्हणाल्या. "चांगली हातभर लोंबतेय. टोपलीत मशीनची सुतळी पडलीय तीसुद्धा दिसतेय." आणि थोड्या वेळाने, "चष्मा छान केलात हो."

आता त्या हसत नव्हत्या.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी रोज वेळ टाकत होते तेव्हा. 'जमतंय बाई.' 'अजून थोडंच.' सगळे बघत होते, बाई टेम्पोच्या मागे धावतेय म्हणून."

"तसं नसेल. त्यांना वाटलं असेल—"

"काय वाटलं असेल?"

माणसं सभ्य होती एवढंच खरं. याला लाज वाटू नये म्हणून सगळ्यांनी मिळून काळजी घेतली होती, आणि ती लाज सांडू न देता दुसऱ्याच्या पदरात ओतली होती. त्याची स्वतःची लाज रोजच्या वापराने मऊ पडली होती. बाईंच्या चेहऱ्यावर आलेली लाज कोरी होती, आणि ती त्यांची नव्हती.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "तशीही सायकल विकायचीच आहे. यांनी गिऱ्हाईकसुद्धा बघितलंय. संध्याकाळी न्यायला येतोय."

"विकताय? हाड तर जुळेल की."

"हाडाचं नाही हो." त्यांनी मागे न बघता भिंतीकडे हात केला. "उतारावरचा तो खड्डा इतकी वर्षं चुकवतेय मी. झोपेतही चुकवीन. त्या दिवशीही दिसला. पण जिथे दिसला तिथे नव्हता. जमीन अशी वर आल्यासारखी झाली. अंदाज गेला माझा. दुसरं काही गेलं तर चालतं. अंदाज गेला की उतरावं. वय असतं एकेकाचं."

"मी कधीचं सांगतोय," आतून आवाज आला, पण या वेळी त्यात टोमणा नव्हता.

"हं," चष्मेवाला म्हणाला.

तो उठला. सफरचंदांबद्दल काहीतरी म्हणाला. जिना उतरायला लागला आणि पहिल्या वळणावर कठडा धरून थांबला.

खालून रस्त्याचा आवाज येत होता. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती. टेम्पोचं सांगून झालं होतं. टेम्पोवर माणसं हसतात, टाळी देतात, अर्धा मुकुट मागतात. हे दुसरं हसण्यासारखं नव्हतं. चष्मेवाल्याच्या चष्म्याने बाई पडली, ही गोष्ट ग्रुपवर एकदा गेली की संपलं. आणि ग्रुपमधले निम्मेअधिक चाळिशी उलटलेले, म्हणजे सगळी त्याची येणारी गिऱ्हाइकं. कुणी टोकलं नसतंच म्हणा. सगळ्यांनी सभ्यपणे दुसऱ्या दुकानातून चष्मे घेतले असते. आणि बाईंनी काही विचारलंही नव्हतं. न विचारलेल्याचं उत्तर द्यावं असं कुठल्याच शिष्टाचारात नाही. झाकली मूठ.

तो आणखी दोन पायऱ्या उतरला. मान खाली घालून, व्यवस्थित, भाषणात सांगतो तशा. मग वर चढून त्याने पुन्हा घंटी वाजवली.

"काही राहिलं का?" बाईंच्या नवऱ्याने विचारलं.

"हो."

बाई तशाच बसल्या होत्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. तो त्यांच्यासमोर उभा राहिला, बसायचं धाडस झालं नाही.

"तुमचा अंदाज गेला नाही, बाई. हा चष्मा तसाच असतो. नवीन असताना खाली बघितलं की जमीन उचलल्यासारखी दिसते. सगळ्यांनाच दिसते, विशीतल्या माणसालाही दिसेल. सवय होईपर्यंत सायकल चालवायची नसते. हे सांगूनच मी चष्मा देतो."

"मला नाही सांगितलंत."

"नाही."

"का?"

त्याने सायकलकडे पाहिलं, झोळीतल्या हाताकडे पाहिलं, सफरचंदांकडे पाहिलं. "तुम्ही माझ्याकडे सरळ बघत होतात," तो म्हणाला. "तुम्ही लवकर जावं असं वाटत होतं मला."

स्वयंपाकघराच्या दारात नवरा झारा घेऊन उभा होता आणि तो झारा या माणसाच्या डोक्यात घालावा की नाही असा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. त्यासाठी कुठल्याच काचेची गरज नव्हती.

"हे टेम्पोच्या आधी सांगायचं असतं," बाई शेवटी म्हणाल्या.

"हो."

"टेम्पोचं सांगून तुम्ही निघाला होतात."

"हो."

"जिन्यापर्यंत गेला होतात."

"अर्ध्या जिन्यापर्यंत."

बाईंनी एका हाताने चष्मा उचलला, नाकावर ठेवायला गेल्या तर दुसरी दांडी कानामागे जाईना. चष्मेवाला सवयीने पुढे झाला. त्यांनी मान मागे घेतली. त्याचा हात हवेतच राहिला आणि मग त्याने तो खाली घेतला. नवऱ्याने पुढे येऊन चष्मा बसवला, वाकडाच. बाईंनी तो सरळ केला नाही.

"अहो, त्या गिऱ्हाइकाला फोन करा," त्या म्हणाल्या. "नाही विकायची म्हणावं."

नवऱ्याने एकदा सायकलकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि पुटपुटत फोन शोधायला गेला.

"आणि तुम्ही." बाईंनी ग्रंथालयातला आवाज काढला, हळू आणि कुणालाही न सोडणारा. "काय ते सांगूनच देता ना? सांगा. पहिल्यापासून."

"आता?"

"मग कधी?"

चष्मेवाल्याने हात मागे बांधले. "पायऱ्या उतरताना नुसते डोळे खाली करू नका," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मान..."

"ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "इकडे बघून बोला."

त्याने मान वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.